सेवेला निघताय? आधी भिंत सुकू द्या

चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं. त्याआधी 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची छपरं उडवली होती. अशा वेळी भजनी मंडळं, सत्संग, चर्चच्या पॅरिशमधले तरुण घरदुरुस्तीला धावतात. भावना चांगली, पण गोंधळ दर वेळी तोच. म्हणून अशा मंडळांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे.

आम्ही वारकरी मंडळाचे वीस जण आहोत. पाणी ओसरताच निघावं का?

सरपंच आणि तलाठी यांना विचारल्याशिवाय नको. पंचनाम्याआधी सामान हलवलंत तर घरमालकाची भरपाई अडकू शकते. दुसरीकडे, गाळ वाळला की दगड होतो. म्हणून प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पाण्याची खूण टिपा, होकार मिळाला की गाळ काढा. पहिली फेरी फक्त फावडी-घमेल्यांची. दुरुस्ती नंतर.

पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टो ताप टाळायची गोळी सगळ्यांनी घ्यायची ना?

डॉक्टर सांगतील त्यांनीच. गमबूट, रबरी हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र विसरू नका.

पाच दिवसांत रंग लावून घर ताब्यात द्यायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो, डॅम्पप्रूफ मारला की ओल दिसणार नाही.

दिसणार नाहीच. ती आत कोंडलेली असेल. दुकानदाराचा डबा खपतो, तुमचा फोटो निघतो आणि पुढच्या पावसाआधी रंगाचे पोपडे घरमालकाच्या ताटात पडतात.

जांभा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. विटेची 9 इंची भिंतसुद्धा काही आठवड्यांत सुकत नाही, कोकणातल्या श्रावणात तर नाहीच. हॅलोजन लावून भिंत सुकते ही ऐकीव गोष्ट सोडा; वरचा थर तडकतो, गाभा ओलाच राहतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कपाटं भिंतीपासून हातभर सरकवा आणि हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकून पाहा. बद्द आवाज आला तिथला गिलावा काढा, तोही पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत, कारण ओल वर चढते. मग भिंत उघडीच राहू द्या. उघडी भिंत फोटोत वाईट दिसते, पण तुमची खरी सेवा तीच.

रंगाचं दिवाळीनंतर बघू, जाड जुन्या भिंतीचं त्याहूनही उशिरा. त्याआधी दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून 24 तास ठेवा. आतून घाम दिसला तर थांबा. लोणा (भिंतीवर येणारे पांढरे क्षार) लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत मुरतात. समुद्राची वाळू कितीही फुकट मिळो, गिलाव्यात घालू नका. माती किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर अजिबात नको, ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. तिथे चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.

छपरावर चढायला आमच्याकडे तरुण पोरं आहेत.

सिमेंटच्या पत्र्याला वय कळत नाही, तो वजनाने फुटतो. पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. किमान दोन वाशांवर टेकेल अशी फळी टाका. हुकाचं भोक नळीच्या उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात पाडलंत तर गळणारच. डांबरी वॉशर घाला, खालच्या-वरच्या पत्र्याचा जोड सहा इंच ठेवा. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे ग्राइंडर लावू नका; तुकडे ओले करून उचला. आणि वर गावचा सुतारच चढू दे, पोरं खालून पत्रे देतील.

मेन स्विच बंद करून आम्हीच वायरिंग केलं तर?

नको. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडतो. परवानाधारक वायरमन बोलवा, मीटरला महावितरणच हात लावेल.

भिंतीला कोपऱ्यात तिरकी भेग आहे. सिमेंट भरू का?

भरू नका. पाया खचला असेल तर भेग हीच त्याची खूण आहे, ती बुजवून इंजिनिअरला काय दाखवणार? तोवर घर रिकामं ठेवा.

संध्याकाळच्या प्रार्थनेला घरमालकाला बोलवावं का?

तुमची प्रार्थना तुम्ही मुक्कामी करा. तो आपणहून आला तर बसू द्या. मदतीचा वापर धर्माच्या प्रचारासाठी करायचा नाही, हे रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेतच आहे. घरांची यादीही मंडळाने ठरवू नये, ग्रामपंचायतीकडून घ्यावी.

जुने कपडे आणू का?

नको. वायर ब्रश आणा.