कपाशीचा भाव आणि मुलीचा हट्ट

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला शेतकरी, चार पिढ्यांची कपाशी. मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. आम्ही बी.एड. किंवा एम.बी.ए. म्हणतो, तिला विलायतेच्या भांडवलशाहीचा आर्थिक इतिहास शिकायचाय. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या ट्रंकेतून काढून वाचत बसते. यावर पोट भरेल का? विलायतेचा इतिहास आपल्याला कशाला?

उत्तर : दादा, नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर तुमच्याच शेतात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथूनच यायचा. गिरण्या थंडावल्या, हजारो कामगारांवर उपासमार आली, आणि इकडे मुंबईहून जाणाऱ्या कापसाचा भाव गगनाला भिडला. पश्चिम भारतातला कापूस तिकडे ‘सुरत’ म्हणून ओळखला जायचा. धागा आखूड, चातीवर सारखा तुटायचा, तिथले कामगार त्याला कंटाळायचे; तरी घ्यावा लागला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला आणि मुंबईतली सट्टेबाजी अनेक पेढ्यांना घेऊन बुडाली. आपल्या पूर्वजांनी ही तेजी-मंदी सोसली, ती कुठून आली हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तुमची मुलगी तेच विचारते आहे.

तिच्या विषयातला मोठा प्रश्न म्हणजे कारखान्यांची यंत्रं इंग्लंडमध्येच आधी का आली, आणि यावर आजही जाणकारांचं एकमत नाही. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट ॲलन म्हणतात, तिथे मजुरी महाग आणि कोळसा स्वस्त, म्हणून माणसाऐवजी यंत्र लावणं परवडलं. जिथे मजूर स्वस्त, तिथे तेच यंत्र तोट्याचं. दुसरे आर्थिक इतिहासकार जोएल मोकीर यांचा भर ज्ञानावर आहे : विज्ञान जाणणारे आणि हाताने काम करणारे कारागीर तिथे एकमेकांपासून शिकत होते. मोकीर यांना २०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल इतरांबरोबर विभागून मिळालं. आणखी काही अभ्यासक वसाहतींकडे आणि गुलामांनी पिकवलेल्या कापसाकडे बोट दाखवतात. मला स्वतःला ॲलन यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण जिनिंगवाल्यालाही नवं मशीन घेताना हाच हिशोब करावा लागतो. शेजारच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलासाठी निघालेली कंपनी आज विप्रो म्हणून संगणकाच्या धंद्यात आहे. भांडवल एका धंद्यातून दुसऱ्यात का जातं, हाही याच विषयातला प्रश्न.

आता पोटाचं. नुसत्या इतिहासाच्या पदवीवर नोकरी अवघड आहे, तिथे तुमची काळजी रास्त आहे. म्हणून एम.ए. तिने अर्थशास्त्रातच करावं आणि आर्थिक इतिहास हा त्यातला आपला खास विषय ठेवावा. त्या पदवीवर यू.पी.एस.सी.ची भारतीय आर्थिक सेवा, रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातली अधिकारी भरती आणि नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, असे तीन रस्ते खुले राहतात. तिन्हीकडे चुरस मोठी आहे, तयारीत दोन-तीन वर्षं जातील, ती धरूनच चाला.

अडेल ते गणितावर. आय.आय.टी.त अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा असते, ती कोणत्याही पदवीधराला देता येते, पण तिच्यात कलन (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र पक्कं लागतं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा पुण्याची गोखले संस्था, तिथेही गणित कच्चं ठेवून निभत नाही. दहावीनंतर तिचं गणित सुटलं असेल तर अकरावी-बारावीची पुस्तकं आजच आणा, टी.वाय. संपायची वाट पाहू नका. इंग्रजी वाचन रोज तासभर.

आणि त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. कोणत्या साली कपाशी काय भावाने गेली, सालदाराला काय दिलं, व्याज किती लागलं, हे तिला साल लावून एक्सेलमध्ये उतरवू द्या. जुनं वजन-माप आणि मोडी अक्षर अडलं तर गावातल्या एखाद्या जुन्या अडत्याकडे तिला तुम्ही स्वतः घेऊन जा. दिवाळीपर्यंत दहा वर्षांचे आकडे उतरले की मला पाठवा, पुढचं आपण तिघं बसून ठरवू.