सारख्या कड्या, पण आलेखात एकच दरी

प्रश्न : टेराहर्ट्झ (सेकंदाला लाख कोटी कंपने) लहरींसाठीच्या मेटामटेरिअलमध्ये, म्हणजे सूक्ष्म रचना ओळीने मांडून बनवलेल्या कृत्रिम पदार्थात, दोन सारखे अनुनादक (ठरावीक वारंवारतेलाच जोराने कंप पावणाऱ्या रचना) जवळ आणले की विद्युतचुंबकीय युग्मनामुळे (परस्परांवरील प्रभावामुळे) एका अनुनादाचे दोन होतात, असे वाचले. मी फट असलेल्या धातूच्या दोन सारख्या कड्या शेजारी ठेवून संगणकावर गणना केली, तर पारगमनाच्या (किती लहर आरपार जाते याच्या) आलेखातली दरी फक्त जराशी सरकली. दोन दऱ्या दिसल्याच नाहीत. गणनेत काही चुकले असेल का?

उत्तर : आपली गणना बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. कडीच्या फटीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि वळशाचे प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) मिळून तिची अनुनाद-वारंवारता ठरते. दुसरी कडी जवळ आली की फटीभोवतीचे विद्युत क्षेत्र आणि प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र अशा दोन वाटांनी ऊर्जेची देवघेव सुरू होते, आणि समकलेत (एकाच तालात) व विरुद्ध कलेत (उलट तालात) चालणारी अशी दोन सामाईक कंपने तयार होतात. मूळ वारंवारता १ टेराहर्ट्झ आणि युग्मन गुणांक (युग्मन किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा) ०.२ धरला, तर ती साधारण ०.९१ आणि १.१२ टेराहर्ट्झवर येतात.

मात्र कंपन शक्य असणे वेगळे आणि येणाऱ्या लहरीने ते जागे करणे वेगळे. १ टेराहर्ट्झची तरंगलांबी ३०० मायक्रॉन असते, कड्या मात्र काही दशक मायक्रॉनच्या. त्यामुळे समोरून येणारी लहर दोन्ही कड्यांना एकाच क्षणी, एकाच दिशेने ढकलते आणि विरुद्ध कलेतल्या कंपनाला काहीच चालना मिळत नाही. आता एक कडी ९० अंशांत वळवून पाहा. लहरीचे विद्युत क्षेत्र पहिल्या कडीच्या फटीला आडवे छेदणारे असेल, तर दुसरीला ऊर्जा केवळ शेजारणीकडूनच मिळेल, आणि दोन्ही कंपने आलेखात उमटतील. अर्थात धातूतील ऊर्जेच्या व्ययामुळे येणारी दरीची रुंदी त्यांच्यातील अंतराहून कमी असेल तरच. प्रत्येक दरीपाशी पृष्ठप्रवाहाची दिशा तपासलीत, तर कोणते कंपन कोणते हेही कळेल.

केवळ कड्यांतील अंतरावर लक्ष देणे मला अपुरे वाटते. एकावर एक ठेवलेल्या कड्यांत वरची कडी १८० अंशांत फिरवली, तरी दोघींचा अक्ष एकच राहतो, म्हणून चुंबकीय युग्मन फारसे बदलत नाही. विद्युत युग्मनाचे मात्र चिन्हच पालटते. फटी एकाच बाजूला असताना ही दोन युग्मने परस्परांविरुद्ध काम करतात, तर विरुद्ध बाजूंना असताना एकमेकांना साथ देतात.

थेट चालना न मिळणाऱ्या कडीचा उपयोगही मोठा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा कड्यांच्या फटींत सिलिकॉन ठेवून त्यावर लेसरचा प्रकाश टाकला गेला. सिलिकॉनची वाहकता वाढताच त्या कड्यांचा अनुनाद मावळला आणि दोन दऱ्यांमधली पारदर्शक खिडकी (जिथे लहर आरपार जाते तो वारंवारतेचा पट्टा) मिटली.