जुना मोवर, जाम इंजिन

प्रश्न: मुळशीच्या फार्महाऊसवर जुना कब कॅडेट (गवत कापायचा मोवर) पडून आहे, इंजिन हलतच नाही. आधी रंगवून घेऊ का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: रंगाचं सोडा हो आत्ता! ही कंपनी १९६१ पासूनची, जुनं लोखंड दणकट, त्यामुळे भंगारात मात्र घालू नका. स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून थोडं ऑइल सोडा, चार दिवस मुरू द्या आणि मग फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) हातानेच पुढे-मागे करत बघा, उगाच स्टार्टर मारत बसू नका. टाकीतलं पेट्रोल फेका, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, बसलेला असणार. रबरी पाइप पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारेच घ्या, जुने फुगून चिरतात. नटबोल्टसाठी रविवारी पुण्यातला जुना बाजार आहेच, तिथे घासाघीस करायची!