पाय सरळ झालाय, मग रात्री बूट कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा ५ महिन्यांचा आहे, जन्मतःच उजवा पाऊल आत वळलेला होता. ६ प्लास्टर झाली, टाचेची शीर कापली, आता पट्टीवाले बूट घालून दोन महिने झाले. पाय छान सरळ दिसतोय पण बूट घातले की रात्रभर रडतो, सासूबाईंना बघवत नाही, त्या काढून ठेवतात आणि तेलाने चोळतात. त्यात सगळे म्हणतात ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून असं झालं. खूप वाईट वाटतं. रात्री बूट नाही घातले तर चालेल का? – एक आई, राजारामपुरी

उत्तर: ताई, आधी ते ग्रहणाचं डोक्यातून काढून टाका. साधारण हजारातल्या एका बाळाला क्लबफूट, म्हणजे जन्मतः आत वळलेला पाय, असतो, मुलींपेक्षा मुलांना जवळजवळ दुप्पट, आणि जिथं ग्रहण कुणी पाळत नाही तिथंही असतो. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

आता बूट. नाही ताई, चालणार नाही. रात्रीच काय, पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास बूट पायात हवेत, फक्त अंघोळीपुरते काढायचे, आणि तुमचे तर अजून दोनच महिने झालेत. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, ४ वर्षांचा होईपर्यंत. मला माहितीये हे ऐकायला जड जातं. पण प्लास्टरनं पाय सरळ झाला म्हणजे काम अर्धंच झालं, कारण आतल्या बाजूचे स्नायुबंध परत ओढ घेतात, बाळाचा पाय भराभर वाढत असतो, आणि बूट सोडलेल्या मुलांचे बहुतेक पाय परत वळतात. माझ्याकडे परत प्लास्टरला येणाऱ्या मुलांच्या घरी गोष्ट जवळपास हीच असते, पाय चांगला दिसायला लागला आणि बूट कपाटात गेले. तेलानं चोळून ही ओढ थांबत नाही. मालीश अंघोळीच्या वेळी हलक्या हातानं करा, पण बुटाच्या बदली नको.

प्लास्टर आणि बुटांची ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉ. पोन्सेटींची, १९६३ साली त्यांनी ती छापली, तरी पुढं कितीतरी वर्षं जगभर मोठी ऑपरेशनंच चालली आणि ती मुलं मोठी झाल्यावर पाय ताठर होऊन दुखायचे. तुमच्या बाळाचं ते टळलंय, म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतोय.

रडण्याचं बघू. बऱ्याचदा बूट नीट बसलेलाच नसतो. सुती मोजा घाला, सुरकुती नको. गुडघा वाकवून टाच खाली दाबून धरा, आधी मधला पट्टा आवळा मग बाकीचे. बुटाला टाचेपाशी भोक असतं, त्यातून टाच टेकलेली दिसली पाहिजे, दिसत नसेल तर पाय आत सरकतोय आणि घासून फोड येणार. त्वचा लाल झाली तर तिथं क्रीम लावू नका, कातडी मऊ पडते. उजवा बूट बाहेर ६०-७० अंश आणि चांगल्या पायाचा ३०-४० अंश वळलेला दिसेल, ते मुद्दाम आहे, कुणी "उलटाच लावलाय" म्हटलं तरी बदलू नका. आणखी एक, दोन्ही बुटांना जोडणारी पट्टी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे-सरळ करायचे, गाणं म्हणत, दिवसातून चार-पाच वेळा. दोन पाय एकत्र हलवायला जमलं की बाळ दोन-तीन दिवसांत शांत होतं. सासूबाईंनाच हे काम द्या, नातू त्यांच्या हातानं हसला की त्या बूट काढणार नाहीत.

पोटरी जन्मभर थोडी बारीक राहील, पाऊलही दुसऱ्यापेक्षा जरा लहान, तेवढ्यानं खेळायला काही अडत नाही.

आत्ता रात्री बूट काढलेच गेलेत तर या आठवड्यातच डॉक्टरांना पाय दाखवा. परत वळायला लागला असेल तर या वयात पुन्हा दोन-तीन प्लास्टरवर भागतं. खर्चाची अडचण असेल तर क्लबफूट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, उपचार मोफत होतात, अंगणवाडीत किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात विचारा. आणि जाताना बूट पिशवीत नको, बाळाच्या पायातच असू देत, म्हणजे टाच टेकतेय का ते तिथंच बघून घेता येईल.