फ्लाइंग स्कूलला जाण्याआधी नेमकं काय समजून घ्यावं?

ठाण्यात राहतोस, बारावी सायन्स झाली, तीन महिन्यांनी फ्लाइंग सुरू होणार आणि तोवर ग्राउंडची, म्हणजे उड्डाणाच्या थिअरीची, सगळी पुस्तकं संपवावीत की ठरावीकच वाचावं, असं विचारलं आहेस. मी वयाने बराच मोठा आहे, म्हणून तू म्हणतो.

सगळं संपवायला जाऊ नकोस. आधी स्टॉल पक्का समजून घे. रस्त्यावर आपण ‘गाडी स्टॉल झाली’ म्हणतो तेव्हा इंजिन बंद पडलेलं असतं. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा जो कोन होतो, तो अँगल ऑफ अटॅक. छोट्या ट्रेनर विमानात हा कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की पंखावरची हवा पृष्ठभाग सोडते आणि लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारी ताकद, कोसळते. इंजिन पूर्ण ताकदीने चालू असलं तरीही. मॅन्युअलमध्ये स्टॉल स्पीड ५० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किमी) लिहिलं असेल, तर तो आकडा ठरावीक वजनाचा आणि सरळ उड्डाणाचा. उंची न सोडता ६० अंश कलून वळलास तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि तेच विमान ७१ नॉटला स्टॉल होतं. ४५ अंशांना साधारण ६० नॉट. हे गणित वहीत स्वतः करून बघ, भार किती पट झाला त्याचं वर्गमूळ घेऊन मूळ स्टॉल स्पीडला गुणायचं असतं.

एवढ्या पोटतिडकीने सांगतोय त्याला कारण आहे. सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडवण्याच्या, थोडं आधी मी उतरण्यासाठी बेसवरून (धावपट्टीला काटकोनातला टप्पा) फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळत होतो. वारा पाठीमागून ढकलत होता, धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे गेलो. जास्त कलायची भीती वाटली, म्हणून रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायाने चालवतात) दाबून नाक आत ओढायला लागलो. नाक खाली जातंय असं वाटून योकही (हातातलं स्टिअरिंग) मागे खेचलं. ‘आय हॅव कंट्रोल’ एवढंच ऐकू आलं. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टर सरांनी योक पुढे केलं, पंख सरळ केले, फुल पॉवर दिली. खाली जेमतेम पाचशे फूट होते. त्या उंचीवर एक पंख आधी स्टॉल होऊन विमान स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, गेलं असतं तर सावरायला जागाच नव्हती. रेषा चुकली तर ओढाताण करायची नाही, गो अराउंड करायचं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं. स्टॉल झालाच तर आधी नाक खाली, म्हणजे कोन कमी, मग पॉवर. मन उलटं सांगतं, कारण जमीन जवळ दिसत असते.

वारा शिकायला तुला लांब जायला नको. मी कोपरखैरण्यात राहतो. मुंबईला उतरणारी विमानं बहुतेक दिवस आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे जातात, कारण वारा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. त्या धावपट्टीचा आकडा २७, म्हणजे होकायंत्रावर साधारण २७० अंश. तीन अंशांच्या उतारावर दर नॉटिकल मैलाला अंदाजे ३०० फूट उंची कमी होते. इथून धावपट्टी सहा-सात मैल, म्हणजे ती विमानं दोन हजार फुटांच्या आसपास असतात. ऐरोलीच्या पुलावर उभा राहून हा हिशोब कर, पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर येईल.

उन्हाचंही बघून ठेव. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश धरतात आणि त्यावरच्या दर अंशाला डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) सुमारे १२० फुटांनी वाढतं. ४० अंशांना समुद्रसपाटीवरची धावपट्टीही विमानाला तीन हजार फुटांवरची वाटते. टेक-ऑफला लांब धाव लागते, चढणं मंदावतं.

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) पेपरांना पास व्हायला ७० टक्के लागतात. ते स्कूलमध्येही होतील, त्यांची घाई नको.

आणि मोठी फी भरण्याआधी क्लास १ मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घे. स्टुडंट लायसन्सला क्लास २ पुरतं, म्हणून बरेच जण पुढचं नंतर बघू म्हणतात. आमच्या बॅचमधल्या एकाला सत्तर तास उडवून झाल्यावर कळलं की क्लास १ मिळणार नाही, आणि तोवर घरच्यांनी कर्ज काढलेलं होतं.