सातवीच्या मुलांना लढाईतलं नियोजन आणि शिस्त कशी शिकवावी?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना मुलं तोफा-बंदुकांतच अडकतात, मग नियोजन आणि शिस्त त्यांच्यापर्यंत पोचवायची कशी. मी न्यू जर्सीत याच वयाच्या मुलांना इतिहास शिकवते. माझं म्हणणं असं की सगळ्या लढाया बाजूला ठेवा आणि एकच घ्या: स्टोनी पॉइंट, १६ जुलै १७७९. यॉर्कटाउन मोठी खरी, पण तिचा पसारा मुलांच्या आवाक्यात येत नाही. स्टोनी पॉइंटची चकमक साधारण अर्ध्या तासात आटोपली आणि तिचा सगळा बेत एका फळ्यावर मावतो.

आधी निकाल सांगू नका. नकाशा काढा. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीत घुसलेली खडकाळ टेकडी, तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला भरतीला पाण्याखाली जाणारी दलदल. वर सहाशेच्या आसपास ब्रिटिश शिबंदी आणि तोफा. चढावर टोकं तासलेल्या झाडांचे अडसर, एकामागे एक दोन रांगा. मग सांगा, तुम्ही अमेरिकन सेनानी अँथनी वेन, हाताखाली बाराशेच्या वर निवडक शिपाई. कसं घ्याल हे ठाणं?

मुलं बोटी सुचवतात, तोफा सुचवतात. सुचवू द्या, आणि प्रत्येक सूचनेला "वरच्या पहारेकऱ्याला काय दिसेल, काय ऐकू येईल?" एवढंच विचारा. मग वेनचा निर्णय सांगा: मध्यरात्री हल्ला, आणि जवळजवळ कुणाचीच बंदूक ठासलेली नाही, नुसत्या संगिनी. वर्ग एकदम गप्प होतो. रिकामी बंदूक घेऊन लढाईला?

इथे घाई करू नका, सगळं मर्म इथेच आहे. अंधारात एकाचा बार चुकून उडाला की आवाज आणि ठिणगी दोन्हींनी जागा कळते. बंदूक पुन्हा ठासायला उभं राहावं लागतं, आणि चढावर उभा राहिलेला माणूस म्हणजे आयतं लक्ष्य. त्यात वेनच्या मनात पाओली होतं. सप्टेंबर १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्याच्याच छावणीवर ब्रिटिशांनी रात्री असाच संगिनींचा छापा घातला होता. पराभवातून शिकणं म्हणजे काय, हे याहून नेमकं कुठे दाखवणार?

ठासलेल्या बंदुका दिल्या फक्त मधल्या छोट्या तुकडीला, मेजर मर्फ्रीच्या. तिने समोरून मुद्दाम गोंगाट करायचा आणि खऱ्या दोन तुकड्यांनी दोन बाजूंनी चढायचं. दोन्हींच्या पुढे वीस-वीस जणांची बिनीची टोळी, अडसर तोडायला कुऱ्हाडी घेऊन. आपला-परका ओळखू यावा म्हणून प्रत्येकाच्या टोपीत पांढरा कागद. हा कागद वर्गात करून पाहाच. दिवे घालवा, चार मुलांच्या टोप्यांत कागद खोचा आणि बाकांमधून आवाज न करता चालायला सांगा. कुणीतरी खुदकन हसतं, आणि शिस्त न राहिल्याने काय होतं ते सगळ्यांना न सांगता कळतं.

शिस्त आली कुठून, हा भाग वादाला खुला ठेवा. वेनचा हुकूम कडक होता: परवानगीवाचून गोळी झाडायला बंदूक उचलेल त्याला जवळच्या अधिकाऱ्याने तिथेच मारावं. उलट आत पहिल्या शिरणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीसही होतं. ते फ्रेंच अधिकारी फ्लरी याच्या वाट्याला आलं. पण धाक आणि लालूच दोन्ही एक वर्षापूर्वीच्या सरावाशिवाय फुकट गेली असती असं मला ठामपणे वाटतं. १७७८ मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत श्टॉइबेन या प्रशियन अधिकाऱ्याने अमेरिकन सैन्याकडून कवायत आणि संगिनीचा सराव घोटून घेतला होता. कमरेएवढ्या पाण्यातून जाताना वरून गोळ्या सुरू झाल्या, तरी माणसं उलट गोळी न झाडता पुढे गेली. खुद्द वेनच्या डोक्याला गोळी चाटून गेली, तरी हल्ला थांबला नाही.

आणि एक गोष्ट गाळू नका. आत शिरल्यावर शरण आलेल्यांना मारलं नाही. साडेचारशेहून जास्त कैदी घेतले. अमेरिकनांचे १५ ठार, ८३ जखमी. पाओलीचा राग मनात असताना संगीन आवरणं ही मला चढाईपेक्षा मोठी शिस्त वाटते, आणि मुलांना तसं स्पष्ट सांगायला कचरू नका.

गृहपाठाला असा प्रश्न द्या. जिंकलेलं ठाणं टिकवायला लागतील तेवढी माणसं देणं परवडणार नाही हे पाहून सरसेनापती वॉशिंग्टनने दोन-तीन दिवसांतच तोफा, दारूगोळा हलवला, तटबंदी पाडली आणि जागा सोडून दिली. तुम्ही वॉशिंग्टन आहात. हे का केलंत ते वेनला एका पत्रात समजावा.