आर्डुइनोचं घड्याळ रोज मागे का पडतं?

प्रश्न: काका, मी लष्कर, ग्वाल्हेरला राहतो, बारावीत आहे. आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि १६ बाय २ च्या एलसीडीवर (१६ अक्षरांच्या दोन ओळींची स्क्रीन) डिजिटल घड्याळ बनवलंय. आधी प्रोग्रामला थांबवून ठेवणारा डिले वापरला होता, मग कोणीतरी सांगितलं म्हणून मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरलं, तरी दिवसाला तीन-चार मिनिटं मागे पडतंच. लाईट गेली की परत १२ पासून सुरू. दुकानदार म्हणतो डीएस १३०७ चं मॉड्यूल लाव, स्वस्त आहे. लावू का? आणि आजीला आकडे मराठीत हवेत, ते या स्क्रीनवर होतं का?

उत्तर: तुझ्या प्रोग्रामच्या मागे लागू नकोस, मिलिस वापरलंस ते बरोबरच केलंस, पण मिलिस मोजणार ते त्या बोर्डाच्या ठोक्यावर, आणि मूळ डिझाइनच्या उनोवर मेन चिपला ठोके द्यायला १६ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याहून अचूक असणारा क्रिस्टल नाही. त्याची चूक अर्धा टक्क्यापर्यंत चालते. ऐकायला कमी वाटतं पण दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ४३२ सेकंद, सात मिनिटं! तेव्हा तुझी तीन-चार मिनिटं अगदी हिशोबातली आहेत. वेळ मोजायचं काम वेगळ्या आरटीसी (रिअल टाइम क्लॉक) चिपला दे, डीएस १३०७ ही तशीच एक, आर्डुइनोने फक्त तिला विचारायचं आणि स्क्रीनवर दाखवायचं.

आता कुठली चिप. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या ग्वाल्हेरात १३०७ घेऊ नये, थोडे पैसे जास्त गेले तरी डीएस ३२३१ च घे. १३०७ ला बाहेरून ३२,७६८ हर्ट्झचा घड्याळी क्रिस्टल लागतो (२ चा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा अर्धं केलं की बरोबर एक सेकंद). हा क्रिस्टल २५ डिग्रीच्या आसपास नीट चालतो, तिथून तापमान वर जाऊ दे नाहीतर खाली, दोन्हीकडे तो मंदच होतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे, म्हणजे महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या वर, आणि जानेवारीच्या थंडीत पाच डिग्रीला पुन्हा तेवढंच मागे. एकदा नीट सेट केलं तरी इथल्या हवेत टिकत नाही ते याचमुळे. ३२३१ मध्ये क्रिस्टल चिपच्या आतच असतो आणि ती दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजून दुरुस्ती करते, ० ते ४० डिग्रीत वर्षाला साधारण एक मिनिटाचा फरक, त्याच्या वर गेलं तरी दोन मिनिटांच्या आत.

जोडणी सोपी आहे, चिपच्या मॉड्यूलच्या दोन वायरी उनोवर लावायच्या, एसडीए (डेटाची) ए४ ला, एससीएल (ठोक्याची) ए५ ला. एलसीडीला आय२सी बॅकपॅक (दोनच वायरींवर स्क्रीन चालवणारी मागची छोटी पट्टी) असेल तर तोही त्याच दोन वायरींवर बसतो, पत्ते वेगळे असल्याने भांडण नाही.

लाईट गेल्यावर चिपला चालू ठेवतो त्या सेलचं मात्र नीट वाच. बाजारातल्या बऱ्याच ३२३१ मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, ते रिचार्जेबल एलआयआर २०३२ साठी. त्यात साधा सीआर २०३२ घालून ५ व्होल्ट दिलेस तर तो सेल चार्ज व्हायला लागतो, फुगू शकतो, हे धोक्याचं आहे. काचेच्या छोट्या डायोडजवळ २०१ लिहिलेला रेझिस्टर असतो तो काढून टाक, मगच साधा सेल घाल.

आणि वेळ सेट करणारी ओळ सेटअपमध्ये (बोर्ड सुरू होताना दरवेळी चालणारा प्रोग्रामचा भाग) तशीच सोडू नकोस, नाहीतर लाईट आली की दरवेळी अपलोड केल्याची जुनीच वेळ परत बसेल. चिपची पॉवर खरंच गेली होती का ते तपासून तेव्हाच सेट करायची.

उन्हाळ्यात स्क्रीनवर काळे चौकोन दिसले तर घाबरू नकोस, उष्णतेने कॉन्ट्रास्ट बदलतो, कॉन्ट्रास्टचा प्रिसेट (स्क्रूसारखा छोटा गोल) थोडा फिरव.

आजीचे आकडे नक्की होतील, आणि हे काम मला सगळ्यात आवडलं! या एलसीडीत स्वतःची अक्षरं फक्त आठच बनवता येतात, ५ बाय ८ ठिपक्यांची, आणि आकडे दहा. पण तास, मिनिट, सेकंद मिळून जागा सहाच ना, मग दर जागेला एक अक्षर नेमून टाक आणि आकडा बदलला की त्या अक्षराचा ठिपक्यांचा नकाशाच बदल, स्क्रीनवर आपोआप बदलेल. आकडे आधी चौकटीच्या वहीत काढून आजीलाच दाखव, ५ आणि ६ वर जरा मेहनत लागेल. नवीन नकाशा लोड केल्यावर कर्सर (पुढचं अक्षर कुठे लिहायचं ती जागा) परत सेट करायचा, नाहीतर पुढे लिहिलेलं स्क्रीनवर न जाता त्याच नकाशांच्या मेमरीत जातं.